ड्रीमवीव्हर सीएस ६ वर अजून काम चालू आहे, आता नवीन घ्यावं का?

सातरस्ता_डीटीपी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, शाळांचे अहवाल आणि जोडीला वेबसाइटी. वेबसाइटचं सगळं काम ड्रीमवीव्हर सीएस ६ वर, म्हणजे अ‍ॅडोबी कंपनीच्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर. २०१२ साली पक्क्या बिलाने पेटी घेतली होती. घरच्यांनी तेव्हा किंमत ऐकून तोंड वाकडं केलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅडोबीने सांगितलं की आता पेटी नाही, दरमहा भाडं भरा. त्या दिवसापासून घरात या विषयावर मला कुणी काही बोललेलं नाही.

माझं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्याला सोपं जाईल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची साइट माझ्याकडे आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. साठ-सत्तर पानं, पण टेंप्लेट (सगळ्या पानांचा सामाईक साचा) एकच. अण्णांनी फोन नंबर बदलला की मी टेंप्लेटची डीडब्ल्यूटी फाइल उघडते, नंबर बदलते, सेव्ह करते. सगळी पानं अपडेट करू का म्हणून ते विचारतं, हो म्हणायचं. चहा येईपर्यंत काम संपलेलं असतं. मालाची यादी डेटाबेसमधून येते: टॉवेल, नॅपकिन, बाथरोब, साइज इंचात, वजन जीएसएममध्ये (दर चौरस मीटरला किती ग्रॅम). तीही ड्रीमवीव्हरमध्येच, पॅनेलमधून क्लिक करत बांधलेली. मी प्रोग्रामर नाही. कोड वाचता येतो, थोडाफार दुरुस्त करता येतो, कोऱ्या पानावर लिहिता येत नाही.

आता एकाच महिन्यात तीन बाजूंनी तगादा लागलाय. होस्टिंगवाल्याची मेल आली की जुनं पीएचपी (सर्व्हरवर पानं तयार करणारी भाषा) महिनाअखेर बंद, फाइली चढवायचं साधं एफटीपीही बंद, यापुढे फक्त सुरक्षित एसएफटीपी. अण्णांच्या सूनबाई आता एक्सपोर्टचं बघतात. त्यांनी मोबाइलवर साइट उघडून माझ्यासमोर धरली आणि दोन बोटांनी मोठी करून दाखवली, तोंडाने काही बोलल्या नाहीत. अण्णा म्हणाले, "मॅडम, काय तर करा की ओ." आणि कॉम्प्युटरवाला म्हणतो विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीनच नवीन घ्या.

तर प्रश्न सरळ आहे. ड्रीमवीव्हरची नवी आवृत्ती भाड्याने घेतली तर या तिन्ही गोष्टी मार्गी लागतील का? भाडं दरमहा, वर १८ टक्के जीएसटी. माझ्यासारख्या दुकानाला तो कायमचा खर्च आहे, म्हणून आधी विचारते.

पुण्यातला_सोलापूरकर

ताई, ड्रीमवीव्हर आता कोण वापरतं? सगळं वर्डप्रेसवर टाका आणि मोकळ्या व्हा. थीम घ्यायची, मोबाइलवर आपोआप नीट दिसतं.

सातरस्ता_डीटीपी

वर्डप्रेस माहीत आहे हो. एका शाळेची आणि एका मंगल कार्यालयाची साइट त्यात केली आहे. ग्राहक स्वतःच फोटो टाकतील, बातम्या टाकतील, या आशेने केली होती. आजपर्यंत दोघांपैकी एकानेही लॉगिन केलेलं नाही. प्लगिनचे अपडेट मीच करत बसते. आणि सत्तर पानांचा मजकूर एकेक उचलून तिकडे नेणार कोण? पुण्याहून येता का?

जुळे_सोलापूर

ताई, आधी एक बघा. अण्णांच्या साइटमध्ये 'कनेक्शन्स' नावाचं फोल्डर आहे का? आणि ती मालाची यादी 'सर्व्हर बिहेविअर्स' पॅनेलमधून रेकॉर्डसेट (डेटाबेसमधून ओळी आणणारा तुकडा) टाकून केलेली आहे ना? तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं. तसं असेल तर नवीन ड्रीमवीव्हर घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. उलट ते पॅनेलच हातातून जाईल. अ‍ॅडोबीने २०१३ च्या सीसी (भाड्याच्या) आवृत्तीतच ते बाजूला काढलं. नंतर काही काळ वेगळं एक्स्टेन्शन टाकून परत आणता यायचं, पण त्यातून बाहेर पडायचा तो जुनाच कोड.

घोळ त्या कोडमध्ये आहे. ते पॅनेल 'मायएसक्यूएल_पीकनेक्ट', 'मायएसक्यूएल_क्वेरी' अशी डेटाबेसशी बोलणारी फंक्शन्स लिहितं. पीएचपी ५.५ ने २०१३ मध्ये सांगितलं की ही वापरणं थांबवा. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं, त्यात ती काढूनच टाकलेली आहेत. आणि पीएचपी ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं. तुमच्या होस्टिंगवाल्याने एवढी वर्षं जुनं चालू ठेवलं हेच खूप झालं. त्याने ते बंद केलं की मालाच्या यादीचं पान एक तर कोरं येईल, नाहीतर 'अनडिफाइन्ड फंक्शन' अशी ओळ येईल. तुमच्या टेबलावर ड्रीमवीव्हर सीएस ६ आहे की २०२१, याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नाही.

दुरुस्ती अवघड नाही, पण किचकट आहे. नवीन फंक्शन्स 'मायएसक्यूएलआय' नावाची. फाइंड-रिप्लेस मारून नुसतं नावात 'आय' घुसडलं तर चालणार नाही. जुन्यात आधी क्वेरी आणि मग कनेक्शन द्यायचं, नव्यात आधी कनेक्शन आणि मग क्वेरी. डेटाबेस निवडायच्या ओळीतही हाच उलटा क्रम. 'पीकनेक्ट' नावाचं फंक्शन नव्यात नाहीच, त्याच्या जागी साधं कनेक्ट लिहा, तुमच्या साइटला तेवढं पुरतं. 'मायएसक्यूएल_रिझल्ट' कुठे वापरलं असेल तर त्यालाही जोडीदार नाही, तिथे फेच करून घ्यावं लागेल. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'गेटएसक्यूएलव्हॅल्यूस्ट्रिंग' नावाचा एक गठ्ठा ड्रीमवीव्हर चिकटवतं, त्याच्या पोटात 'रिअल_एस्केप_स्ट्रिंग' असतं. ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. तो गठ्ठा एकाच फाइलमध्ये काढून सगळीकडून तीच फाइल जोडा.

एफटीपीचं सोपं आहे. सीएस ६ ला एसएफटीपी येतं, पण त्याच्या काळातल्या एन्क्रिप्शनच्या पद्धती आजचे सर्व्हर स्वीकारत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन तुटतं. त्याच्याशी झगडत बसू नका. काम सीएस ६ मध्ये करा, अपलोड विनएससीपी किंवा फाइलझिलाने करा. दोन्ही फुकट आहेत. विनएससीपीमध्ये दोन्हीकडची फोल्डरं ताडून फक्त बदललेल्या फाइली पाठवता येतात, त्यामुळे टेंप्लेट बदलल्यावर सत्तर पानं निवडत बसायला नको. फक्त ड्रीमवीव्हर जागोजाग '_नोट्स' नावाची फोल्डरं करून ठेवतं, ती आणि टेंप्लेट्सचं फोल्डर वगळा. ते सर्व्हरवर जायचं कारण नाही.

होटगी_रोड

जुळेसाहेबांचं पीएचपीचं म्हणणं पटलं, पण भाड्याने घेऊच नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः सीएस ५.५ वरून गेलो. दोन फायदे खरे आहेत. एक म्हणजे टेंप्लेट जसंच्या तसं उघडतं, डीडब्ल्यूटी आणि लायब्ररी दोन्ही. ताईंचं अर्धं काम त्याच्यावर आहे, ती सवय मोडावी लागत नाही. दुसरं म्हणजे लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पान ब्राउझरसारखं दाखवणारी खिडकी. सीएस ६ चा लाइव्ह व्ह्यू २०१२ च्या आसपासच्या वेबकिटवर (ब्राउझरच्या इंजिनवर) चालतो. ब्राउझरांत सीएसएस ग्रिड ही मांडणीची नवी पद्धत आली २०१७ मध्ये. म्हणजे आजच्या पद्धतीने मांडणी केलीत तर सीएस ६ तुम्हाला ती विस्कटलेली दाखवणार, आणि तुम्ही बरोबर असलेलं दुरुस्त करत बसणार.

विरुद्ध बाजूही सांगतो. २०२१ नंतर ड्रीमवीव्हरची मोठी नवी आवृत्ती आलेली नाही. किरकोळ अपडेट येतात, तेवढंच. जे थांबलंय त्याचं भाडं आपण भरतो, हे डोक्यात ठेवूनच भरायचं. आणि प्लॅन निवडताना बारीक अक्षर वाचा. 'वार्षिक, दरमहा भरणा' हा स्वस्त दिसतो, पण वर्ष भरायच्या आत सोडला तर दंड लागतो. निव्वळ महिन्याचा महाग, पण कधीही सोडता येतो. आधी ट्रायल घ्या, अण्णांच्या साइटची कॉपी त्यात उघडा, आठवडाभर खरं काम करून बघा, मग ठरवा.

पुण्यातला_सोलापूरकर

बरं, वर्डप्रेस राहू द्या. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर तरी घ्या, फुकट आहे. शोधा-बदला सत्तर फाइलींत एकदम होतं, बदलायच्या आधी प्रत्येक जागा दाखवतं. जुळे_सोलापूर यांनी सांगितलेली दुरुस्ती त्यात करणं सोपं जाईल. डिझाइन व्ह्यू मात्र नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पुण्याला फोन कराल.

माग_आणि_माऊस

मी गिऱ्हाइकाच्या बाजूचा माणूस आहे. आमचाही टॉवेलचाच धंदा, साइट मीच बघतो. त्या सूनबाईंनी काही न बोलता मोबाइल का दाखवला ते मला कळलं. बाहेरचा बायर एन्क्वायरी पाठवायच्या आधी मोबाइलवर साइट उघडतो. त्याला जीएसएम, साइज आणि पॅकिंग या तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. बाकी तुमचा फिरता बॅनर कुणी बघत नाही. यादी वाचायला बोटाने पान ओढावं लागलं की तो पुढच्या कारखान्याकडे जातो. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, चादरीलाही आहे, पण ते सांगणारं पान वाचताच आलं नाही तर काय उपयोग?

यात सॉफ्टवेअर आड येत नाही, ताई. मी आमच्या जुन्या साइटवर केलं ते सांगतो. टेंप्लेटच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टची एक मेटा ओळ टाकली. ती नसेल तर मोबाइल असं धरून चालतो की पान मोठ्या स्क्रीनसाठी आहे, आणि अख्खं पान आकसून दाखवतो. म्हणूनच दोन बोटांनी मोठं करावं लागतं. ओळ टाकल्यावर आधी साइट जास्तच वाईट दिसते, घाबरू नका. बाहेरच्या टेबलाला ९६० पिक्सेलची ठरलेली रुंदी असते, ते आता उजवीकडे स्क्रीनबाहेर जातं. रुंदी काढून तिथे शंभर टक्के आणि जास्तीत जास्त ९६० असं केलं. चित्रांनाही जास्तीत जास्त शंभर टक्के. मग छोट्या स्क्रीनसाठी एक मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारे मांडणीचे नियम), त्यात डावीकडचा मेनू वर आणला. मालाच्या यादीचं टेबल मोडलं नाही, त्याला एका डिव्हमध्ये घालून आडवं सरकू दिलं. साइज आणि जीएसएम हे दोन रकाने मात्र सगळ्यात आधी घेतले, म्हणजे न सरकवता दिसतात.

हे सगळं टेंप्लेटमध्ये एकदाच करायचं, पानं आपोआप बदलतात. मांडणी लाइव्ह व्ह्यूमध्ये बघू नका. क्रोममध्ये एफ १२ दाबा आणि मोबाइलचं चिन्ह निवडा, तिथे बघा. मेनू स्प्रायचा (ड्रीमवीव्हरसोबत यायच्या त्या तयार तुकड्यांचा) असेल तर तोही बदला. स्प्राय अ‍ॅडोबीने २०१२ मध्येच सोडून दिलं. त्याचा उपमेनू माउस वर नेल्यावर उघडतो, आणि बोटाला कुठला आलाय माउस.

नवीन ड्रीमवीव्हर घेऊन जुनं पान तसंच उघडलंत तर ते तसंच दिसणार. माग नवा आणला म्हणून जुन्या कापडाचा पन्हा वाढत नाही.

सातरस्ता_डीटीपी

सगळ्यांचे आभार, पुण्याचेसुद्धा. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक कमी झाल्यावर सगळं उघडून बसले. 'कनेक्शन्स' फोल्डर आहे, त्यात 'पीकनेक्ट'ची ओळ आहे. यादीच्या पानावर आणि चौकशीच्या फॉर्मवर तो गठ्ठाही आहे. मेनू स्प्रायचाच निघाला. म्हणजे तुम्ही न बघता सांगितलेलं सगळं जागच्या जागी सापडलं.

विनएससीपी टाकलं आणि पहिल्या फटक्यात जोडलं गेलं. तो भाग संपला. मोबाइलचं टेंप्लेट अण्णांच्या साइटची कॉपी करून त्यावर सुरू केलंय. व्ह्यूपोर्टची ओळ टाकल्यावर साइट खरोखर भयंकर दिसली, आधी सांगितलं होतं म्हणून बरं. यादीचा पहिला रकाना आजवर 'अनुक्रमांक' होता. तो काढला, कारण बायरला त्याचं काय करायचं? तिथे आता साइज आहे, शेजारी जीएसएम. ३० बाय ६० इंच, ५०० जीएसएम ही ओळ मोबाइलवर न सरकवता वाचता येते. सूनबाईंना स्क्रीनशॉट पाठवला, अंगठा आला. त्या घरात अंगठा म्हणजे बरंच.

भाड्याचं आत्ता तरी घेत नाही. होटगी रोडचा मुद्दा खरा आहे, मी टेंप्लेटवरच जगते. पण टेंप्लेट सीएस ६ मध्येही चालतंच आहे, आणि लाइव्ह व्ह्यूची उणीव क्रोम भरून काढतं. पीएचपीची दुरुस्ती व्हीएस कोडमध्ये करीन, तो उतरवून घेतलाय. फाइलीत शोधल्यावर शेजारी-शेजारी जुनं आणि नवं दाखवतो ते आवडलं, पण काळ्या पडद्याकडे बघून डोकं उठतं. पांढरा केला.

आता दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिली, नव्या मशीनवर सीएस ६ न्यावं कसं? दुसरी जास्त महत्त्वाची. अण्णांची यादी इंग्रजीत आहे, पण 'आमच्याविषयी' आणि नोकरभरतीचा मजकूर मराठीत आहे, तोही डेटाबेसमधून येतो. कॉपीवर नवीन कनेक्शन लावून बघितलं तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. जुन्या साइटवर तेच अक्षर न् अक्षर बरोबर दिसतंय. श्रीलिपी फॉन्टच्या काळात फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की असलं व्हायचं, पण हे तर युनिकोडमध्ये टाइप केलेलं आहे.

आणि हो, या कामाचं बिल कसं करायचं? नवीन वेबसाइट म्हटलं की गिऱ्हाईक पैसे देतं. 'जुन्या कोडची दुरुस्ती' म्हटलं की विचारतं, चालतंय ते दुरुस्त कशाला?

माग_आणि_माऊस

बिलावर 'मोबाइल आवृत्ती' लिहा. सूनबाईंनी मागितलीच होती. पीएचपीचं काम 'सर्व्हर बदल' म्हणून वेगळ्या ओळीत, सोबत होस्टिंगवाल्याची मेल छापून जोडा. आम्हाला कागद दिसला की आम्ही भांडत नाही. आणि पुढच्या वर्षापासून एएमसी (वार्षिक देखभाल करार) लावा. मशिनरीची आम्ही भरतोच, साइटची का नाही भरणार?

जुळे_सोलापूर

मशीनचं आधी. जुन्या मशीनवर हेल्प मेनूतून डीअ‍ॅक्टिव्हेट करा, मगच नव्यावर टाका. माझ्याकडे विंडोज ११ वर सीएस ६ चालतं. पण नव्यावर उघडून खात्री होईपर्यंत जुनं फॉरमॅट करू नका. सीएस २ चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर अ‍ॅडोबीने डिसेंबर २०१२ मध्ये बंद केले होते, त्यामुळे पेटी आपली असली तरी दुसरं टोक त्यांच्या हातात आहे एवढं धरून चाला. जुनं मशीन ठेवणार असाल तर त्याचं इंटरनेट काढा.

आता प्रश्नचिन्हं. घाबरू नका, मूळ मजकूर जुन्या साइटवर दिसतोय म्हणजे तो शाबूत आहे. आत्ता त्या कॉपीवरून डेटाबेसमध्ये काहीही सेव्ह मात्र करू नका, नाहीतर खरोखरची प्रश्नचिन्हं जाऊन बसतील. आधी पूर्ण बॅकअप घ्या.

मग पीएचपीमायअ‍ॅडमिन हे डेटाबेस बघायचं साधन उघडून तो 'आमच्याविषयी'चा मजकूर तिथे कसा दिसतो ते बघा. तिथे मराठी स्वच्छ वाचता येत असेल तर काम एका ओळीचं आहे. कनेक्ट झाल्याबरोबर 'सेट_कॅरसेट' लावून त्यात 'यूटीएफ८एमबी४' हा कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) द्या, प्रश्नचिन्हं जातील.

तिथे मराठीऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसली तर मात्र थांबा. याचा अर्थ अक्षरं युनिकोडची, पण टेबल लॅटिन १ चं, म्हणजे फक्त रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीचं. जुन्या काळी कनेक्शनही लॅटिन १ चंच असायचं, त्यामुळे जसं आत गेलं तसंच बाहेर आलं आणि ब्राउझरने ते मराठी म्हणून दाखवलं. अशा वेळी वरची ओळ लावलीत तर साइटवरही तीच टोपीवाली अक्षरं येतील. महिनाअखेरची घाई आहे म्हणून सध्या कॅरसेट 'लॅटिन१' द्या, साइट पूर्वीसारखी दिसेल. सवडीने एकेक रकाना आधी ब्लॉबमध्ये (अक्षरांचा अर्थ न लावता नुसते बाइट साठवणारा प्रकार) बदलायचा आणि ब्लॉबमधून यूटीएफ८एमबी४ मध्ये. सरळ लॅटिन १ वरून यूटीएफ८ वर उडी मारली तर डेटाबेस त्या टोप्यांनाच खरी अक्षरं समजून कायमची करून ठेवतो.

पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये काय दिसतं त्याचा स्क्रीनशॉट टाका, पासवर्ड झाकून. मी रात्री दहानंतर असतो.